चिंगी अचानक गादीवर शू करायला लागली आहे, सोन्यावरही धावून जाते. मदत हवी आहे.

रानजाई

नमस्कार. मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. घरात दोन मांजरं आहेत. चिंगी साधारण सहा वर्षांची, नसबंदी झालेली. सोन्या तीन वर्षांचा बोका, त्याचंही ऑपरेशन झालंय. दोघंही पूर्णपणे घरातली. पहिल्या मजल्यावर फ्लॅट आहे, बाल्कनीला जाळी आहे.

शू-शीच्या बाबतीत चिंगीने पिल्लू असल्यापासून कधी त्रास दिला नाही. दिवाळीनंतर मात्र सगळं बदललंय. आधी पायपुसण्यावर केली, मग आमच्या गादीवर, आणि परवा बाथरूमच्या जाळीवर. शी अजूनही तिच्या शू-शीच्या डब्यातच करते. डब्यात सारखी जाते, उकरते, बसून राहते आणि काहीच न करता बाहेर येते. त्यात सोन्या नुसता जवळून गेला तरी फिस्कारते. एकदा तर झडप घालून त्याचा कान फाडला. हे दोघं एकमेकांना चाटत एकाच खुर्चीवर झोपायचे, म्हणून जास्त जीव तुटतो.

घरात झालेले बदल सांगते. दिवाळीआधी रंगकाम झालं आणि नवीन सोफा आला. शेजारच्या फ्लॅटमध्ये फरशा तोडायचं काम चालू आहे. समोरचा रस्ता खणलाय, दिवसभर जेसीबी असतो. डब्यात घालायचं लिटर, म्हणजे शू शोषणारे दाणे, तेच, खाणंही तेच, कोरडं.

माझ्या जाऊबाई गरोदर आहेत. सासूबाई काळजीपोटीच म्हणतात की बाळ यायच्या आत मांजरांचं काहीतरी बघा. मला चिंगीला कुठेही सोडायचं नाहीये. कुणाला असा अनुभव असेल तर सांगा.

बोक्याची मावशी

रानजाई, आधी एवढं सांगा. एका वेळी शू किती होते? नेहमीसारखी भरपूर, की चमचाभर? करताना ओरडते का? चादरीवर गुलाबी डाग दिसला का? खालचा भाग सारखा चाटते का? सोफा, रंग, जेसीबी हे सगळं नंतर बघू. ही उत्तरं आजच द्या.

सातपूरकर

माझं मत स्पष्ट आहे. मांजरं मनात राग धरतात. नवा सोफा आणला, तिची जागा गेली, म्हणून ती सूड घेते आहे. आमच्याकडे लहानपणी मांजराने घाण केली की नाक त्यात घासायचे आणि बाहेर काढायचे. पुन्हा करत नसे. नाहीच जमलं तर दिंडोरीकडे कुणाच्या मळ्यात सोडा. उंदीर खाऊन मजेत राहील.

शेवंती

सातपूरकर, तुमच्याबद्दल आदर ठेवून पूर्ण विरोध करते आहे. नाक घासल्यावर मांजर शिकतं ते एवढंच, की या माणसासमोर शू करायची नाही. मग ते कपाटामागे, पलंगाखाली जाऊन करतं आणि आजार आपल्याला दिसायचा राहून जातो. आता मळ्याचं. सहा वर्षं घरात वाढलेल्या मांजराला कुत्री, वाहनं, मुंगूस यातलं काहीच माहीत नसतं. दुसऱ्या मांजराच्या हद्दीत कसं राहायचं हेही त्याला कळत नाही. अन्नपाण्यावाचून हाल होतील अशा ठिकाणी पाळीव प्राणी सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. चिंगी सूड घेत नाहीये. तिला कुठेतरी दुखतंय, असं मला वाटतं.

रानजाई

मावशी, तुमचे प्रश्न वाचून आज दिवसभर तिच्या मागे मागे राहिले. शू अगदी थोडी होते, रुपयाएवढा ओला डाग. डब्यात बसून कुंथते. दुपारी एकदा बारीक आवाजात ओरडली. पांढऱ्या पायपुसण्यावर फिकट गुलाबी डाग होता. मागचा भाग चाटून चाटून पोटावरचे केसही विरळ झालेत. खाते आहे, पण नेहमीपेक्षा कमी.

निफाडचा पशुवैद्य

मी निफाड तालुक्यात काम करतो. जास्त करून गाई-म्हशी बघतो, पण मांजरंही येतात. लांबून निदान करता येत नाही आणि करूही नये. पण तुम्ही दिलेलं वर्णन मूत्राशयाच्या दाहाचं आहे. वारंवार बसणं, कुंथणं, थेंब थेंब लघवी, त्यात रक्त, पोट चाटणं हे सगळं त्यात येतं. लघवी करताना दुखलं की ते दुखणं मांजर डब्याशी जोडतं. मग ते दुसरी जागा शोधतं, एकतर मऊ नाहीतर गार, गुळगुळीत. गादी आणि बाथरूमची फरशी ही तुमची दोन्ही ठिकाणं त्यात बसतात. शी मात्र डब्यातच होते, कारण शी करताना दुखत नाही.

फवारणी वेगळी ओळखायची. तेव्हा मांजर उभं राहतं, शेपूट ताठ करून थरथरवतं आणि भिंतीवर, दारावर, पडद्यावर मागे धार मारतं. चिंगी बसून आडव्या जागी करते आहे, म्हणजे हा हद्द आखण्याचा प्रकार नाही.

आता बहुतेकांना नवीन वाटेल असं सांगतो. रक्त दिसलं की लोक 'इन्फेक्शन' म्हणतात आणि दुकानातून अँटिबायोटिक आणतात. दहा वर्षांखालच्या मांजरांत लघवीचा जिवाणूसंसर्ग फार कमी आढळतो. या वयात सगळ्यात जास्त आढळतो तो 'फेलाइन इडिओपॅथिक सिस्टायटिस', म्हणजे तपासूनही कुठलं एक कारण सापडत नाही असा मूत्राशयदाह. त्याखालोखाल खडे. गंमत अशी की या दाहाचा झटका बऱ्याचदा आठवड्याभरात आपोआप ओसरतो. त्याच वेळी गोळ्या चालू असतील तर श्रेय गोळ्यांना मिळतं. महिन्या-दोन महिन्यांनी तो पुन्हा येतो आणि पुन्हा त्याच गोळ्या आणल्या जातात.

या आजाराचा ताणाशी जवळचा संबंध आहे. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या टोनी बफिंग्टन यांनी यावर आयुष्यभर काम केलं. त्यांच्या गटाचा २००६चा एक अभ्यास आहे. हा आजार असलेली, घरातच राहणारी ४६ मांजरं त्यांनी घेतली, मालकांना घरात काय बदल करायचे ते सांगितलं आणि १० महिने पाठपुरावा केला. लघवीचा त्रास कमी झालाच, भित्रेपणा आणि अस्वस्थताही कमी झाली. म्हणून सोन्यावर धावून जाणं आणि गादीवर शू हे दोन वेगळे प्रश्न धरू नका.

उद्याच दवाखान्यात न्या. लघवीची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी करायला सांगा. नमुना शक्यतो सोनोग्राफीत बघत सुईने थेट मूत्राशयातून घ्यावा. डब्यातून घेतलेल्या नमुन्यात बाहेरचे जिवाणू मिसळतात. फ्रिजमध्ये ठेवलेल्या नमुन्यात मुळात नसलेले स्फटिकही तयार होऊ शकतात. आणि कृपा करून घरातली पॅरासिटामॉलची गोळी देऊ नका, अर्धीसुद्धा नको. ती पचवायला लागणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात पुरेशी नसते, रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते आणि मांजर दगावतं.

ओझरकर

हा धागा बोका पाळणारे लोकही वाचत असतील, म्हणून लिहितो. हेच लक्षण बोक्यात दिसलं तर उद्याची वाट बघू नका. आमचा बोका संध्याकाळी डब्यात बसून कुंथत होता. आईला वाटलं बद्धकोष्ठ आहे. थेंबसुद्धा येत नव्हता. थोड्या वेळाने उलटी झाली आणि तो पलंगाखाली जाऊन बसला. पोटाला हात लावला तर टणक गोळा लागत होता, आणि हात लावू देईना. तसाच टोपलीत घालून नाशिकला नेला. मूत्रमार्ग बंद झाला होता. भूल देऊन नळी घालून मोकळा केला, पुढे काही दिवस सलाईन. वाचला.

डॉक्टरांनी तेव्हा समजावलं की नराचा मूत्रमार्ग लांब आणि टोकाला अगदी अरुंद असतो. वाळूसारखे कण आणि चिकट स्राव मिळून बूच बसतं. लघवी अडली की रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडू शकतं. एक-दोन दिवसांत जीव जातो. मादीत असं क्वचित होतं. रात्री उघडे असणारे दवाखाने आपल्या भागात कुठले, त्यांचे नंबर आधीच फोनमध्ये ठेवा.

निफाडचा पशुवैद्य

ओझरकरांच्या प्रत्येक शब्दाला दुजोरा. बोका कुंथतोय आणि लघवी येत नाहीये, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी निघायचं. आणि बद्धकोष्ठ समजून एरंडेल वगैरे पाजत वेळ घालवायचा नाही.

रानजाई

जाऊन आले. पहिला दवाखाना घराजवळचा. तिथे तपासणी न करताच इंजेक्शनची भाषा झाली. मी नम्रपणे नको म्हटलं आणि दुसरीकडे गेले. तिथे सोनोग्राफी झाली, सुईने नमुना घेतला. लघवीत भरपूर रक्तपेशी, जिवाणू नाहीत, खडे नाहीत, मूत्राशयाची भिंत थोडी जाड. लघवी खूप घट्ट आहे म्हणाले. निदान तेच, सिस्टायटिस. वेदनाशामक दिलंय, अँटिबायोटिक नाही. ओलं खाणं सुरू करा आणि घरातला ताण शोधा, असं सांगितलं.

औषधाने तिला आराम पडलाय, आज बऱ्याच दिवसांनी उन्हात आडवी झाली. पण ताण शोधायचा म्हणजे नेमकं काय करायचं? जेसीबी तर मी थांबवू शकत नाही.

मुक्काम पंचवटी

जेसीबी कुणालाच थांबवता येणार नाही. सिंहस्थाची कामं संपेपर्यंत शहरभर हेच आहे. पण मांजराला त्या आवाजापासून लांब बसायला जागा देता येते. आमच्याकडे आतल्या खोलीत कपाटाच्या वर जुनी गोधडी घातली आहे आणि तिथवर चढायला स्टूल ठेवलंय. काम सुरू झालं की आमची मनी वर जाते आणि संध्याकाळी उतरते. उंच आणि मागून बंद अशी जागा हवी.

बोक्याची मावशी

मला खटकतं ते वेगळंच. रंगकाम संपलं, सोफा जुना झाला, जेसीबी रात्री बंद असतो. मग सोन्यावर हल्ला नेमका कधी होतो? पहाटे किंवा रात्री होत असेल तर बाल्कनीच्या काचेबाहेर कोण येतं ते बघा. बाहेरचं अनोळखी मांजर दिसलं की आतलं मांजर पेटतं. काचेमुळे त्याच्यापर्यंत पोचता येत नाही, मग जवळ जो असेल त्याच्यावर झडप पडते. बिचाऱ्या सोन्याला कळतसुद्धा नसेल आपण काय केलं ते. रात्री जुना मोबाइल काचेकडे तोंड करून रेकॉर्डिंगला लावून ठेवा.

रानजाई

मावशी, तुमचा अंदाज खरा निघाला! एक मोठा काळा-पांढरा बोका पार्किंगच्या पत्र्यावरून चढतो, जाळीबाहेरच्या कठड्यावर बसतो आणि भिंतीवर फवारून जातो. रेकॉर्डिंगमध्ये चिंगी काचेला नाक लावून घुरघुरताना दिसते, आणि मागून सोन्या आला की वळून त्याच्यावर. वॉचमन म्हणाला, दिवाळीच्या सुमारास तो इकडे आला. शेजारच्या बांधकामावरचे मजूर त्याला भात घालतात.

शेवंती

मग आता तीन गोष्टी लगेच करा. काचेच्या खालच्या निम्म्या भागावर दुधी फिल्म लावा, स्टेशनरीच्या दुकानात मीटरने मिळते. उजेड येतो, बाहेरचं दिसत नाही. कठडा आणि भिंत बाहेरून धुऊन घ्या, कारण वास आत येत राहतो. आणि त्या बोक्याची नसबंदी करून घ्या. शहरात प्राणिमित्र संस्था हे काम करतात, खर्च तुम्ही आणि सोसायटी मिळून उचला. ऑपरेशननंतर बहुतेक बोक्यांचं फवारणं आणि मारामाऱ्या खूप कमी होतात. त्याला हाकलून उपयोग नाही, जागा रिकामी झाली की दुसरा येतो.

डांबराच्या गोळ्या कठड्यावर ठेवायचा सल्ला कुणीतरी देईल, म्हणून आधीच सांगते. त्यातलं नॅप्थलीन मांजराला विषारी आहे. निलगिरीचं किंवा दुसरं कुठलं उग्र तेलही नको.

मुक्काम पंचवटी

आमच्या गल्लीत कुत्र्या-मांजरांसाठी लाल पाण्याच्या बाटल्या टांगतात. त्याचा उपयोग होतो का?

शेवंती

नाही होत. त्याच बाटलीला अंग घासून जाणारी मांजरं मी रोज बघते.

ओझरकर

रानजाई, डबे किती आहेत, कुठे आहेत आणि केवढे आहेत?

रानजाई

एकच आहे. झाकणवाला, ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी. दिवसातून एकदा शी काढते. लिटर सुगंधी, लव्हेंडरचं.

शेवंती

इथे बरंच काही करता येईल. सर्वसाधारण नियम असा की जितकी मांजरं त्यापेक्षा एक डबा जास्त, म्हणजे तुमच्याकडे तीन. शेजारी शेजारी ठेवलेले दोन डबे मांजराच्या लेखी एकच. वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा, म्हणजे एकाने वाट अडवली तरी दुसऱ्याला पर्याय राहतो. दोन बेडरूमच्या घरात तीन डबे म्हणजे डोक्याला ताप, मला कल्पना आहे, पण या काळापुरते तरी ठेवाच. मशीनशेजारचा आधी हलवा. मशीन स्पिनला लागलं आणि त्याच वेळी मांजर आत असलं, तर त्याला पुन्हा तिथे जायची भीती वाटते.

झाकण काढून टाका. आत वास कोंडतो, आणि भांडण चालू असताना एकच दार असलेल्या बंद जागेत बसायची मांजराला धास्ती वाटते. आकाराचं बोलायचं तर अमेरिकेतल्या आणि आंतरराष्ट्रीय अशा मांजरांच्या डॉक्टरांच्या दोन संघटनांनी २०१४ साली मिळून मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यात डबा मांजराच्या नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या लांबीच्या दीडपट असावा असं म्हटलंय. दुकानातले बरेचसे डबे त्यात नापास होतात. मी रविवार कारंजा भागातून मोठी प्लास्टिकची घमेली आणली, बांधकामाला वापरतात ती. उथळ, रुंद, स्वस्त आणि धुवायला सोपी. जास्त उकरणाऱ्यासाठी कपडे ठेवायचा मोठा प्लास्टिकचा खोका घ्या आणि एका बाजूने कापून दार करा. कापलेली कड घासून गुळगुळीत करा.

लिटर बारीक, बिनवासाचं आणि ओलं झाल्यावर गोळा होणारं घ्या. सुगंध आपल्यासाठी असतो, मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण आहे. पण एकदम बदलू नका. एका घमेल्यात जुनं, दुसऱ्यात नवं ठेवा आणि चिंगीला निवडू द्या. थर दोन-तीन बोटं जाड. वखारीतला लाकडाचा भुसा स्वस्त पडतो, पण धूळ फार होते आणि पावसाळ्यात दमट होतो.

रानजाई

घमेलं हे डोक्यातच आलं नसतं. उद्याच आणते. गादीचं काय करू? दोनदा फिनाईलने पुसली, तरी ती तिथेच जाते.

निफाडचा पशुवैद्य

फिनाईल आजपासून बंद, गादीवर आणि फरशीवरही. त्यातली फिनॉलवर्गातली रसायनं मांजराला घातक आहेत. ओल्या फरशीवरून चालून पाय चाटले तरी ती पोटात जातात. पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी जंतुनाशकंही त्याच कारणाने नकोत. अमोनियाचा क्लीनर वापरला तर त्याचा वास मांजराला लघवीसारखाच येतो, म्हणजे आपणच तिथे बोलावणं पाठवल्यासारखं. आणि लघवीवर ब्लीच ओतू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

लघवीतलं यूरिक आम्ल साध्या पाण्याने निघत नाही. वाळल्यावर वास गेल्यासारखा वाटतो आणि हवा दमट झाली की परत येतो. त्यासाठी एन्झाइमचा क्लीनर मिळतो. तो वरवर पुसायचा नाही. शू जितकी खोल मुरली असेल तितका खोल मुरेल एवढा ओतायचा, पाकिटावर लिहिलेला वेळ ओला राहू द्यायचा आणि मग कडक उन्हात वाळवायचं. सध्या नाशिकचं ऊन कोरडं आहे, गच्चीवर गादी नीट वाळेल. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मिळाली तर रात्री अंधारात घरभर फिरा, तुम्हाला न दिसलेले डागही चमकतील.

पाण्याचंही सांगतो. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले. कमी पाणी पिऊन लघवी घट्ट करणं ही त्यांची शरीररचनाच आहे. कोरड्या खाण्यात पाणी जेमतेम दहा टक्के असतं, ओल्यात पंचाहत्तर-ऐंशी टक्के. थंडीत मांजरं आणखी कमी पितात. म्हणून ओलं खाणं हेच तिचं मोठं औषध. घरी चिकन उकडत असाल तर ते पाणी द्या, मात्र मीठ, कांदा, लसूण न घालता. कांदा-लसणाने मांजराच्या लाल रक्तपेशी फुटतात. पाण्याची भांडी रुंद घ्या, खाण्यापासून आणि डब्यापासून लांब ठेवा, दोन-तीन ठिकाणी ठेवा.

सासूबाईंची काळजी टोक्सोप्लाझ्माबद्दल असेल, म्हणजे गरोदरपणात बाळाला बाधू शकणाऱ्या परजीवीबद्दल. ती समजण्यासारखी आहे, म्हणून त्यांना हे वाचून दाखवा. हा परजीवी मांजराच्या शीतून बाहेर पडला तरी त्याला संसर्ग करण्याजोगा व्हायला साधारण एक ते पाच दिवस लागतात. रोजच्या रोज शी काढली तर ती वेळ येत नाही. कधीच बाहेर न जाणाऱ्या, उंदीर किंवा कच्चं मांस न खाणाऱ्या मांजराकडून धोका मुळातच खूप कमी. जाऊबाईंनी डबा साफ करू नये, ते दुसऱ्याने करावं. त्याहून जास्त लक्ष मांस पूर्ण शिजवण्याकडे, भाज्या आणि फळं धुण्याकडे आणि कुंड्यांच्या मातीत काम केल्यावर हात धुण्याकडे द्यावं. जाऊबाईंच्या डॉक्टरांशीही बोलून घ्या.

रानजाई

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग शी मी काढत जाऊ का?" मला खूप बरं वाटलं.

आता चिंगी आणि सोन्या. फिल्म लावली, भिंत धुतली. तरी ती त्याला बघून फिस्कारतेच. किती दिवस असं चालणार?

बोक्याची मावशी

अगं, तिच्या डोक्यात सोन्या आणि तो हल्ला एकत्र बसलाय. नव्याने ओळख करून द्यावी लागेल. दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेव, प्रत्येकाला स्वतःचा डबा, पाणी, अंथरूण. एकाच्या गालावर फिरवलेला रुमाल दुसऱ्याच्या खाण्याजवळ ठेव. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी जेवण दे. दोघंही निवांत खायला लागले की दार बोटभर उघड, मग थोडं जास्त. कुणी कान मागे पाडले की एक पायरी मागे जायचं. घाई केलीस तर पुन्हा पहिल्यापासून. भांडण लागलं तर हात मध्ये घालू नकोस, मध्ये उशी किंवा जाड चादर धर. आणि रोज संध्याकाळी चिंगीशी दोरी-पिसाने दहा मिनिटं खेळ, खेळ संपला की लगेच खायला दे.

सातपूरकर

मी सगळं वाचतो आहे. एक विचारायचं होतं. माझ्या आईकडे चौदा वर्षांची भाटी आहे. हल्ली डब्याच्या शेजारी, अगदी डब्याला खेटून शू करते. पण तुम्ही म्हणता तशी थेंब थेंब नाही, मोठं थारोळं असतं. पाणीही खूप पिते, बादलीत तोंड घालते. आई म्हणते, म्हातारपणी विसरते. तिच्यावर ओरडू नको असं आईला सांगितलंय. हे काय असेल?

निफाडचा पशुवैद्य

सातपूरकर, चांगलं विचारलंत. हे चिंगीपेक्षा वेगळं दिसतंय. म्हातारं मांजर भरपूर पाणी पितं आणि भरपूर लघवी करतं, तेव्हा मूत्रपिंडं, मधुमेह आणि थायरॉइड ही तीन नावं आधी मनात येतात. रक्त आणि लघवी तपासली की बरंचसं कळतं, जमल्यास रक्तदाबही बघावा. आणि या वयात लघवीचा जिवाणूसंसर्गही होतो, तरुण मांजरात तो कमी असतो असं वर म्हटलं होतं, इथे तसं धरू नका. वजन घटलंय का ते बघा. आईला पाण्यावर बंदी घालू देऊ नका. ती जास्त पिते कारण शरीरातून जास्त जातंय.

डब्याला खेटून करते याचा अर्थ कुठे करायची ते तिला नीट ठाऊक आहे, आत जाता येत नाही. बारा वर्षांवरच्या बहुतेक मांजरांच्या एक्स-रेमध्ये सांध्यांची झीज दिसते. ती लंगडत नाहीत, फक्त उड्या मारणं कमी करतात. कड तीन-चार बोटंच उंच असलेला मोठा ट्रे द्या आणि ती बसते त्याच मजल्यावर, जवळ ठेवा. पण तपासणी आधी.

सातपूरकर

या आठवड्यात घेऊन जातो. ट्रे आजच ठेवतो. आभारी आहे.

रानजाई

खबर द्यायला आले. चिंगी आता घमेल्यातच जाते आहे, शू नेहमीएवढी होते. बेडरूममधलं घमेलं तिने निवडलंय, बिनवासाच्या लिटरचं. सुगंधीकडे दोघंही ढुंकून बघत नाहीत. सोन्याबरोबर एका खोलीत खाते, अजून एकत्र झोपत नाहीत. काळ्या-पांढऱ्या बोक्याचं ऑपरेशन झालं, सोसायटीतल्या चार घरांनी पैसे काढले. वॉचमनने त्याच्या जेवणाची जागा मागच्या गेटजवळ हलवलीय.

एक अडचण समोर आहे. जाऊबाईंचं डोहाळजेवण घरीच आहे, चाळीसेक माणसं येतील. पुन्हा झटका येईल का?

निफाडचा पशुवैद्य

येऊ शकतो, हा आजार उलटणारा आहे. म्हणून तयारी आदल्या दिवसापासून करा. तिला तिच्या खोलीत घमेलं, पाणी, ओलं खाणं आणि लपायला एक खोका देऊन ठेवा. बाहेरून कडी लावा आणि दारावर चिठ्ठी चिकटवा, नाहीतर पाहुणे कपडे बदलायला तिथेच जातात. सोन्याला दुसऱ्या खोलीत ठेवा. फुलांच्या सजावटीत लिली असेल तर ती आणू नका. तिचे परागकण चाटले किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात. कार्यक्रमानंतर दोन-तीन दिवस घमेल्यातले गोळे बघत जा. लहान लहान आणि बरेच दिसले तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा.

रानजाई

लिलीचं माहीत नव्हतं, फुलवाल्याला आत्ताच फोन करून मोगरा आणि गुलाबच सांगते. चिठ्ठी सासूबाई लिहिणार आहेत.